पुस्तक नावडलं, पण त्यातलं नेमकं काय?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जिल्ह्यातल्या वाचनालयांवर मजकूर होता. त्यावर आलेली बरीच पत्रं मात्र तक्रारीची निघाली: पुस्तकं घेतली, उघडली, आवडली नाहीत. सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत. पत्रांतली पुस्तकांची आणि लेखकांची नावं गाळली आहेत, उत्तर द्यायला त्यांची गरज पडली नाही.

प्रश्न: डिसेंबरात शहरात भरलेल्या प्रदर्शनातून सहा पुस्तकं घेतली. सूट वजा जाता २,१५० रुपये झाले. दोन कादंबऱ्या पुरस्कारप्राप्त, एक कथासंग्रह ‘सातवी आवृत्ती’, एक आत्मचरित्र आणि दोन वैचारिक. त्यातलं एकच शेवटपर्यंत वाचवलं. कादंबऱ्या पन्नास पानांपुढे सरकल्या नाहीत. मी निवृत्त शिक्षिका आहे, वाचनाची सवय जुनी आहे. माझीच आवड मागे पडली म्हणायची, की हल्ली लिहितातच असं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: तुमच्या आवडीत खोट दिसत नाही आणि लिहिणाऱ्यांवरही सरसकट खापर फोडता येणार नाही. गडबड खरेदीत झाली आहे. प्रदर्शनात माणूस उभ्याने, गर्दीत, एका हातात पिशवी धरून पुस्तकं निवडतो. त्यात ‘पाच घेतल्यास जादा सूट’ अशी पाटी असली की शेवटची एक-दोन पुस्तकं सवलतीपायीच पिशवीत जातात. नावडलेल्या पाचांपैकी किती पुस्तकांची दोन पानं तुम्ही घेण्याआधी वाचली होती, तेवढं आठवून बघा.

आता ज्या खुणांवर विसंबलात त्या एकेक घेऊ. साहित्य अकादमी दर वर्षी २४ भाषांत एकेका पुस्तकाला पुरस्कार देते. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार प्रकारवार असतात, लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी वेगळे असतात. परीक्षकांपुढे त्या प्रकारातली बरीच पुस्तकं असतात. ह्या पुस्तकाने कादंबरी म्हणून नवं काय केलं, हे त्यांना बघायचं असतं. निवेदनाची मोडतोड, काळाची उलटापालट, बोलीचा वापर यांना तिथे वजन मिळतं. रात्रीचं जेवण झाल्यावर हातात धरायला पुस्तक कसं आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी ठेवतच नाही. म्हणून पुरस्कार बघून पुस्तक जरूर उचला, पण पैसे द्यायच्या आधी उघडा. गावोगावच्या संस्थांचे पुरस्कार हा आणखी निराळा प्रकार. त्यातल्या कित्येकांसाठी लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वतःच प्रती पाठवायच्या असतात. मुखपृष्ठावर नुसतं ‘पुरस्कारप्राप्त’ असेल, कोणाचा आणि कोणत्या वर्षीचा हे नसेल, तर त्या शब्दाला काही किंमत देऊ नका.

‘सातवी आवृत्ती’ वाचून किती प्रती खपल्या ते कळत नाही. मराठीत एका आवृत्तीच्या हजारभर प्रती काढायचा रिवाज होता. आता बरेचदा ५०० किंवा त्याहूनही कमी काढतात, आणि मागणीप्रमाणे छापायची सोय झाल्यापासून शंभर प्रतींचीही ‘आवृत्ती’ होऊ शकते. मजकुरात भर किंवा बदल केला तर नवी आवृत्ती, जसंच्या तसं छापलं तर पुनर्मुद्रण, हा फरकही सगळे प्रकाशक पाळत नाहीत. शीर्षकपान उलटलं की मागे तारखा असतात, त्या बघा. पहिली आवृत्ती १९८५ची आणि सातवी २०२३ची असेल तर पुस्तकाला एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने विचारलं आहे. दीड वर्षात सात झाल्या असतील तर एक तर पुस्तक खरंच गाजलं आहे किंवा छपाया चिमुकल्या आहेत, आणि मुखपृष्ठावरून ते कळायला मार्ग नाही.

पाठराखण आणि प्रस्तावना याबद्दल थोडक्यात: पाठराखण, म्हणजे मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर, विक्रीसाठी असते आणि ती प्रकाशकाने किंवा त्याने सांगितलेल्या माणसाने लिहिलेली असते. प्रस्तावना बहुतेक वेळा लेखकाच्या विनंतीवरून लिहिली जाते. विनंती करणाऱ्याला कोणी दारातून हाकलत नाही. प्रस्तावनेत स्तुतीचे परिच्छेद सोडा आणि पुस्तकातला एखादा प्रसंग किंवा ओळ उचलून तिच्यावर काही लिहिलं आहे का, एवढं शोधा. तसं एकही उदाहरण नसेल तर प्रस्तावनाकाराने पुस्तक चाळलं असण्याचीच शक्यता जास्त.

दुकानात एका पुस्तकाला दहा मिनिटं द्या. कादंबरीचं पहिलं पान पूर्ण वाचा. मग एकतृतीयांशावर, म्हणजे ३०० पानी पुस्तकात शंभराव्या पानाच्या आसपास, कुठेही उघडून दोन पानं वाचा. पहिल्या प्रकरणावर लेखक आणि संपादक दोघांचाही सगळ्यात जास्त हात फिरलेला असतो, पुस्तकाची रोजची चाल मधल्या पानांत दिसते. तिसरं, संवादाचं पान काढा आणि ‘राधा म्हणाली’, ‘वसंता म्हणाला’ यांवर अंगठा ठेवून वाचा. कोण बोलतंय ते बोलण्यावरून कळलं तर लेखकाला माणसं दिसली आहेत. सगळे एकाच आवाजात, एकाच लांबीची वाक्यं बोलत असतील तर पुढची दोनशे पानंही तशीच जाणार.

वैचारिक पुस्तकाची परीक्षा याहून सोपी आहे. अनुक्रमणिकेत असा विषय शोधा ज्यातलं तुम्हाला आधीपासून काही कळतं. शाळा तुमचा प्रांत, तर शिक्षणावरचं प्रकरण काढा आणि दोन पानं वाचा. तिथेच ढोबळ चुका किंवा नुसती मोघम विधानं सापडली, तर जिथलं तुम्हाला कळत नाही तिथेही तोच कारभार असणार. आत्मचरित्रात बालपण वाचू नका, बालपण सगळ्यांचंच गोड लिहिलेलं असतं. लेखकाच्या आयुष्यातला जो वाद तुम्हाला वर्तमानपत्रातून माहीत आहे तो कुठे आलाय ते बघा. तीन ओळींत उरकला असेल तर बाकीची पानं सत्कार समारंभाची आहेत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, तरी विचारतो. त्या दोन कादंबऱ्यांचं अक्षर केवढं आहे? कागदाचा खर्च वाचवायला काही प्रकाशक पानावर ३४-३५ ओळी कोंबतात आणि आतला समास इतका अरुंद ठेवतात की पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. अशा पुस्तकात पन्नास पानं म्हणजे डोळ्यांना सत्तर पानांचा शीण. नावडलेल्या पुस्तकांशेजारी ते एक आवडलेलं उघडून ठेवा आणि एका पानावरच्या ओळी मोजा. फरक ठळक असेल तर त्याच कादंबऱ्या मोबाइलच्या मोठ्या पडद्यावर किंवा टॅबवर अक्षर वाढवून एकदा वाचून बघा, ई-आवृत्ती असेल तर.

आणि शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय असताना सगळं विकत घेऊनच वाचायचं कशाला? आधी वाचनालयातून आणा, वाचा, आणि पुन्हा वाचावंसं वाटलं तरच विकत घ्या. नवं पुस्तक वाचनालयात यायला काही महिने लागतात. तेवढ्या काळात त्याच्याबद्दलचा गलकाही बसतो, हा आणखी एक फायदा.

प्रश्न: पुस्तक अर्धवट सोडलं की अन्नाचं ताट टाकल्यासारखं वाटतं, आणि पूर्ण करायचं म्हटलं तर महिना जातो. रोज झोपताना चार-पाच पानं वाचतो. किती पानांनंतर सोडावं, याचा काही नियम?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: प्रकारानुसार वेगळा. तीनशे पानांच्या कादंबरीला ५० ते ६० पानं द्या, पण दोन बैठकांत द्या. कथासंग्रहात पहिली, शेवटची आणि जिच्यावरून पुस्तकाला नाव दिलंय ती, अशा तीन कथा. कवितासंग्रहातल्या दहा कविता, मोठ्याने. वैचारिक पुस्तकाचं मनोगत आणि एक प्रकरण. एवढं झाल्यावर पुस्तक ओढत नसेल तर खुशाल ठेवून द्या.

तुमच्या पत्रातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटली: ‘रोज झोपताना चार-पाच पानं वाचतो.’ पंचवीस-तीस पात्रांची कादंबरी अशी वाचता येत नाही. चार पानांत एक प्रसंगही पुरा होत नाही, दुसऱ्या दिवशी ‘हा आबासाहेब कोणाचा कोण’ इथून सुरुवात. मग पुस्तक रटाळ वाटतं. अशा कादंबरीची सुरुवात सुटीच्या दिवशी करावी, पहिली तीसेक पानं एका दमात वाचावीत आणि वाचताना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नावं मांडत जावीत: वर आजोबा, खाली मुलगे, बाजूला सुना, कंसात गाव किंवा धंदा. तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवायचा. साठाव्या पानानंतर तो सहसा बघावा लागत नाही. रोजची चार पानं कथा, ललित लेख, पत्रसंग्रह यांच्यासाठी राखा. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे गेला की दुपारी तीन वाजता कुठलंच जड पुस्तक चांगलं लागत नाही. सकाळी सहा ते सात ही वेळ बघा.

सोडताना आत चिठ्ठी ठेवा: तारीख, पान आणि सोडायचं कारण एका ओळीत. ‘नावं लक्षात राहत नाहीत’ किंवा ‘झोप येते’ असं लिहिलं गेलं तर तो वाचायच्या पद्धतीचा दोष, पुस्तकाला वर्षभराने पुन्हा संधी द्या. ‘पुढे काय होणार ते आधीच कळतं’, ‘माणसं नाटकातल्यासारखी बोलतात’, ‘लेखक सारखा मध्ये येऊन समजावतो’ असं काही असेल तर दोष पुस्तकाचा, ते पुन्हा उघडायची गरज नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या चिठ्ठीवर ‘खरं किती, खोटं किती कळत नाही’ असं येत असेल तर तुम्हाला हवा आहे इतिहास. कादंबरी बाजूला ठेवून संदर्भसूची आणि टिपा असलेलं चरित्र आणा.

प्रश्न: माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालं, मराठीही सहज वाचतो. तरुणपणी मूळ कन्नडमध्ये वाचलेली एक कादंबरी आता मराठी अनुवादात पत्नीसाठी आणली. ती म्हणते, ‘यात काय आवडलं तुम्हाला?’ मी वाचून पाहिली तर मलाही काही आवडलं नाही. कादंबरी तीच, मग असं का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर: तुमच्याकडे मूळ पुस्तक असेल, तर तपासणी घरबसल्या करता येईल. कुठलाही अर्ध्या पानाचा परिच्छेद निवडा आणि दोन्हीकडची वाक्यं मोजा. एक-दोनाचा फरक चालतो. मूळच्या अकरा वाक्यांची अनुवादात सहाच उरली असतील तर मजकूर गाळला आहे. मग शीर्षकपान बघा. ‘अनुवाद’, ‘भावानुवाद’, ‘स्वैर अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ हे शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. भावानुवादात अनुवादकाने वाक्यावाक्याची जबाबदारी घेतलेली नसते. रूपांतरात गावं आणि माणसंही बदलू शकतात. ‘संक्षिप्त’ हा शब्द तर कधीकधी मुखपृष्ठावर नसतोच, आत बारीक अक्षरांत असतो.

त्याच पानावर मूळ भाषेची नोंद शोधा. मूळ शीर्षक नुसतं इंग्रजीत दिलं असेल, किंवा ऋणनिर्देशात इंग्रजी अनुवादकाचे आभार असतील, तर कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा प्रवास झाला असण्याचा संभव आहे. आपल्या भागातल्या वाचकाला हे चटकन खुपतं. मूळ कन्नडमधली ‘जोळद रोट्टी’ म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, अक्कलकोटात कोणाला सांगावी लागत नाही. इंग्रजीतून येताना तिची ‘रोटी’ होते, काही ठिकाणी ‘पोळी’, आणि ज्या घरात वर्षभर भाकरीच खातात त्या घरात उगाच सणासुदीचा थाट येतो. नात्यांचंही तेच. अक्का, अण्णा, अव्वा दोन्हीकडे चालतात, पण मधे इंग्रजी आली की सगळ्यांची ‘मोठी बहीण’ आणि ‘आजी’ होऊन बसते. अशी दहा ठिकाणं झाली की घर परकं वाटू लागतं, आणि वाचणाऱ्याला मात्र कादंबरीच फिकी आहे असं वाटतं.

मूळ भाषा येत नसेल त्यांनाही अनुवाद पारखता येतो. कुठलंही पान काढा आणि ‘तो, त्याने, त्याच्या’ किती वेळा आलंय बघा. ‘तिने तिचे डोळे तिच्या पदराने पुसले’ असं मराठी माणूस लिहीत नाही, ‘तिने पदराने डोळे पुसले’ एवढंच लिहितो. ‘च्याद्वारे’ आणि ‘केले गेले’ यांचा सुळसुळाट, मुलगा वडिलांशी परिपत्रकाच्या भाषेत बोलतोय, म्हणींचा शब्दशः अर्थ काढलाय, ह्याही ओळखायच्या खुणा. जुन्या विदेशी लेखकांच्या पुस्तकांत हा धोका जास्त. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यानंतर परवानगी न घेता कोणीही अनुवाद काढू शकतो. म्हणून एकाच कादंबरीचे चार-पाच मराठी अनुवाद बाजारात असतात, ९९ रुपयांपासून ६०० पर्यंत. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही, पण अनुवादकाचं नाव कुठेच नसेल तर घेऊ नका. कन्नड, बंगाली, हिंदी, मल्याळम अशा भाषांतून आलेल्या पुस्तकांसाठी साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्कारांची यादी बघावी. हे पुरस्कार १९८९पासून दिले जातात आणि अनुवादकाच्या नावावरून पुस्तक निवडायची सवय लागायला ती यादी उपयोगी पडते.

पत्नीसाठी एक तोडगा: मूळ पुस्तकातलं तुमचं आवडतं प्रकरण तुम्हीच कन्नडमधून बघत मराठीत सांगत वाचा. अक्कलकोट तालुक्यातल्या घरांत निम्मं संभाषण असंच चालतं.

प्रश्न: घरी आम्ही तेलुगू बोलतो. मुलीला मराठी विषयासाठी एक ग्रामीण कादंबरी वाचायची आहे. ती म्हणते, ‘कंटाळवाणी आहे, कळत नाही.’ मीही दहा पानं वाचली आणि ठेवली. शाळेतली मराठी आम्हा दोघींना उत्तम येते.
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर: बोलीतली कादंबरी डोळ्यांनी वाचली की अडते, कारण त्या बोलीची स्पेलिंगं डोळ्यांना ओळखीची नसतात. कान मात्र ती ओळखतात. पहिली पंधरा पानं मोठ्याने वाचा, दोघींनी आळीपाळीने, संवाद वाटून घेऊन. ‘काय करलालास बे’ हे सोलापुरात रोज कानावर पडतं, तेच छापलेलं दिसलं तर वाचणारा थबकेल. बोललं की लगेच कळतं. शब्द अडला तर लगेच शोधू नका, पेन्सिलीने खाली बारीक रेघ मारा आणि पुढे जा. तोच शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी कळला नाही, तरच शब्दकोश किंवा शेजारी. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे का, ते सुरुवातीलाच बघून ठेवा, बऱ्याच जणांना ती पुस्तक संपल्यावर सापडते. वीसेक शब्द बसले की बोली मोकळी होते. त्यानंतरही कंटाळा आला तर तो कथेचा कंटाळा आहे आणि मुलीने परीक्षेच्या उत्तरात तसं सकारण लिहायला हरकत नाही.

प्रश्न: ऑनलाइन मागवलेल्या कादंबरीत ९७ ते ११२ ही पानं दोनदा आहेत आणि ११३ ते १२८ नाहीतच. नेमका खुनाचा उलगडा तिथेच असणार! विक्रेता म्हणतो, परत घ्यायची मुदत संपली. शिवाय मुद्रणदोष इतके की वैताग आला. दाद मागता येते का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर: येते. आधी काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे विक्रेता ‘तुम्हीच पानं फाडली’ असं म्हणू शकणार नाही. पुस्तक सुट्या पानांनी बांधत नाहीत. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ पानं छापतात, तो घडी घालून फर्मा होतो आणि असे फर्मे क्रमाने जुळवून पुस्तक बांधतात. तुमच्या प्रतीत जुळवताना सातवा फर्मा दोनदा उचलला गेला आणि आठवा राहिला. ११३ ते १२८ ही बरोबर सोळा पानं, हाच पुरावा. दुसरा नेहमीचा दोष कोऱ्या पानांचा. दोन कागद चिकटून यंत्रातून गेले की एक बाजू छापायची राहते, मग समोरासमोरची दोन पानं कोरी, पुढची दोन छापलेली, पुन्हा दोन कोरी असा नमुना दिसतो. पानं सुटून येत असतील तर ते बांधणीच्या गोंदाचं काम. नुसत्या गोंदावर बांधलेलं पुस्तक मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे राहिलं तर गोंद सैल पडतो, आणि तिथे विक्रेत्याकडे बोट दाखवता येत नाही. जाड पुस्तक घेताना वरच्या कडेने पाठीकडे बघा. फर्म्यांच्या घड्या वेगवेगळ्या दिसत असतील तर बहुधा शिलाई आहे, पानं सलग कापलेली दिसत असतील तर नुसता गोंद.

आता करायचं काय. चार फोटो काढा: मुखपृष्ठ, शीर्षकपानाच्या मागचं पान (त्यावर आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आवृत्ती, मुद्रकाचं नाव असतं), पान ११२ आणि त्याच्या समोर आलेलं चुकीचं पान, आणि बिल. हे थेट प्रकाशकाला पाठवा, पत्ता त्याच पानावर असतो. मजकुरात एवढंच: ‘फर्मा ९७–११२ दुबार, ११३–१२८ गहाळ, प्रत बदलून द्यावी.’ मराठी प्रकाशक अशी प्रत सहसा बदलून देतात, कारण त्या गठ्ठ्यात आणखी सदोष प्रती असू शकतात आणि त्यांना ते कळायला हवं असतं. प्रकाशकाने दाद दिली नाही तर विक्रेत्याला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० दाखवा. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मात्र ‘कादंबरी आवडली नाही’ या कारणासाठी यातलं काहीच चालणार नाही.

एक शंका आधी फेडून घ्या: प्रत चोरटी तर नाही ना? मुखपृष्ठाचे रंग फिके किंवा धूसर, कागद करडा आणि पातळ, ओळी पानावर तिरक्या, छपाई फोटोकॉपीसारखी, आणि छापील किमतीपेक्षा दर निम्म्याहूनही कमी, ही तिची लक्षणं. तशी असेल तर प्रकाशक बदलून देणार नाही, आणि देऊही नये. कोणी विकली हे मात्र त्याला जरूर कळवा.

मुद्रणदोषांबद्दल ‘चुकाच चुका आहेत’ असं पत्र कोणी वाचत नाही. यादी करा: पान ७३, वरून ओळ १२, छापले ‘सुचना’, हवे ‘सूचना’. एका ओळीत एक चूक. पात्राचं नाव मध्येच बदललं, तारीख चुकली, वाक्य अर्धवट राहिलं अशा चुका वर लिहा, ऱ्हस्व-दीर्घ खाली. अशी यादी पुढच्या छपाईच्या वेळी खरोखर वापरली जाते.

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या एका काकांनी स्वखर्चाने कवितासंग्रह काढला. ‘सप्रेम भेट’ लिहून दिला. रोज फाटकापाशी भेटतात आणि विचारतात, ‘काय, वाचला का?’ वाचला आणि अजिबात आवडला नाही. आता काय बोलू?
— एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर: ‘छान आहे’ म्हणू नका. त्यावर लगेच ‘कुठली आवडली?’ असं येतं आणि मग पंचाईत. संग्रह पुन्हा उघडा आणि साठ-सत्तर कवितांतून एक ओळ शोधा जी बरी आहे. एखादी निघतेच, बहुतेक वेळा आईवर, गावावर किंवा गिरणीच्या भोंग्यावर लिहिलेल्या कवितेत. पान क्रमांकासह ती सांगा: ‘काका, पान ४१वरची भोंग्याची ओळ लक्षात राहिली.’ नवख्या कवीला पान क्रमांकाने होणारा आनंद मोठा असतो आणि तुम्हाला खोटं बोलावं लागत नाही. त्यांनी खोदून विचारलं तर अशी एक कविता दाखवा जी शेवटच्या चार ओळी गाळल्या असत्या तर चांगली झाली असती. हे सांगितलेलं सहसा लागत नाही, कारण अशा कवितांचा दोष बहुधा शेवटच्या चार ओळींतच असतो, तिथे उपदेश येतो.

काकांनी लेखी अभिप्राय मागितला तर सावध राहा. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात सहज टाकलेलं ‘काळजाला भिडणारं काव्य’ पुढच्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर तुमच्या नावासह छापून येऊ शकतं. लेखी द्यायचंच तर तीच पान ४१ची ओळ द्या.

प्रश्न: नावडलेली पन्नासेक पुस्तकं कपाटात आहेत. वाचनालयाला द्यावीत म्हटलं तर ते फारसे उत्साही दिसले नाहीत. रद्दीत घालायला मन होत नाही.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर: वाचनालयाला दान आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावं लागतं, शिक्का मारावा लागतो, वर्गीकरण करून जागा द्यावी लागते. म्हणून पोती घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, अवस्था. त्यातली दहा-बारा त्यांच्याकडे नसतील तर ते आनंदाने निवडून घेतील. जुनी पाठ्यपुस्तकं, स्पर्धा परीक्षांची मागल्या वर्षांची मार्गदर्शकं आणि बुरशी लागलेलं काहीही त्यांना नको असतं, ते यादीतच घालू नका. शहरातल्या वाचनालयाने नाही घेतली तर तालुक्याच्या गावातल्या लहान वाचनालयाला विचारा, त्यांच्याकडे कथा-कादंबऱ्यांना मागणी जास्त असते. उरलेली सोसायटीच्या जिन्यात ‘हवं ते न्या’ अशी पाटी लावून ठेवा. तुम्हाला रटाळ वाटलेलं आत्मचरित्र तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी रात्र जागून वाचेल.

देण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक पाठीच्या बाजूने हलकेच आपटून बघा. मातीची भुकटी पडली तर वाळवी आहे, ते वेगळं काढा आणि त्या कप्प्यातली बाकीचीही तपासा. ओलसर वास येणारी पुस्तकं उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या उन्हात मुखपृष्ठं तासाभरात वळतात. सावलीत, पंख्याखाली, उभी करून पानं पंख्यासारखी उघडून दोन दिवस ठेवा. रद्दीत घालायचीच वेळ आली तर ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं पान आधी काढून घ्या. नव्या पेठेतल्या रद्दीच्या ढिगात पुस्तकं चाळणाऱ्यांत लेखकही असतात.